आधी खवला बघा, मग ट्यूब घ्या: इक्थिओसिससाठी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मलमांचं परीक्षण

मेडिकलच्या काउंटरवर ‘कातडी सुकते, पापुद्रे निघतात’ एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी एकच ट्यूब पुढे सरकवली जाते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: युरिया १० किंवा १२ टक्के, लॅक्टिक आम्ल ६ ते १० टक्के, शिवाय प्रोपिलीन ग्लायकॉल आणि लिक्विड पॅराफिन. भेगाळलेल्या टाचांना ती छान लागू पडते. इक्थिओसिसच्या, म्हणजे कातडीवर माशासारखे खवले येणाऱ्या, बहुधा जन्मजात आजाराच्या रुग्णांच्या हातीही तीच येते आणि तिथे मात्र माणसागणिक तिचा गुण बदलतो. एकाच्या पोटऱ्या आठवड्यात मऊ होतात, तर दुसऱ्याचं बाळ ती लागताच किंचाळायला लागतं. ट्यूब तीच, खवला वेगळा.

हे परीक्षण कंपन्यांचं नाही, ट्यूबमागे छापलेल्या घटकांचं आहे, कारण नावं बदलली तरी आतले घटक तेच पाच-सहा असतात. त्यांना गुण देण्याआधी त्वचेची लक्षणं वाचावी लागतात, म्हणून निम्मा लेख त्यावरच खर्च होईल. घाईत असलेल्यांसाठी इतकंच: खवला जाड, कोरडा, घट्ट चिकटलेला असेल आणि खालची कातडी लाल नसेल, तर खवले सोडवणारी क्रीम चालतात. कातडी लाल, ओलसर, फोड येणारी किंवा तान्ह्या बाळाची असेल, तर ती ट्यूब काउंटरवरच राहू द्यावी आणि साधी पेट्रोलियम जेली घरी न्यावी.

बिघाड नेमका कुठे

इक्थिस म्हणजे ग्रीक भाषेत मासा. आपल्याकडेही तीच उपमा सुचली होती. चरकसंहितेत एककुष्ठाचं वर्णन घाम न येणारं, अंगाचा मोठा भाग व्यापणारं आणि माशाच्या खवल्यांसारखं असं आहे. आज ते बहुतेक वेळा सोरायसिसशी जोडलं जातं, पण घाम न येणं हे लक्षण इक्थिओसिसला अधिक शोभतं.

निरोगी कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो रोज थोडा थोडा, नजरेला न दिसता झडत असतो. पेशी या विटा धरल्या तर त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे सिमेंट. इक्थिओसिसमध्ये कधी विटा सुटायच्या वेळी सुटत नाहीत आणि थरावर थर चढत जातो. कधी सिमेंटच कच्चं असतं. मग भिंतीतून पाणी उडून जातं आणि गळती बुजवायला शरीर घाईघाईने आणखी विटा रचत बसतं. पहिल्या बिघाडाला चिकटपणा तोडणारं औषध हवं. दुसऱ्यात तेच औषध गळक्या भिंतीला आणखी भोकं पाडतं, आणि त्या भोकांतून औषध रक्तातही उतरतं. ट्यूबचा निकाल बदलतो तो इथे.

खवला कसा वाचायचा

उजेडात, मलम न लावलेल्या कातडीवर पाहावं. नडगी, गुडघ्यामागची लवणी, तळहात, मान, पापण्या आणि डोक्याचे केस एवढ्या जागा तपासल्या की बराचसा उलगडा होतो.

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे इक्थिओसिस व्हल्गॅरिस. साधारण अडीचशे माणसांत एक असा त्याचा अंदाज सांगितला जातो, त्यामुळे त्याला दुर्मीळ म्हणता येत नाही. उरलेले प्रकार मात्र खरोखर दुर्मीळ आहेत. नडगीवर बारीक, पांढुरके, कडा किंचित उचललेले खवले दिसतात. कोपर आणि गुडघ्याच्या आतल्या घड्या मात्र स्वच्छ राहतात, कारण तिथे ओलावा टिकतो. तळहातावरच्या रेषा नेहमीपेक्षा ठळक आणि दाट असतात. दंडांवर आणि मांड्यांवर खरखरीत पुळ्या, सोबत दमा किंवा ॲलर्जीची सर्दी, असं बऱ्याच वेळा एकत्र सापडतं. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष याला कारणीभूत असतो हे २००६ मध्ये स्पष्ट झालं. जन्मताच काही दिसत नाही. पहिल्या वर्षात सुरुवात होते, थंडीत वाढतं, पावसाळ्यात आणि कोकणच्या दमट हवेत बरंच निवळतं. स्वच्छ असायला हवी ती लवणी लाल आणि खाजरी दिसली, तर सोबत एक्झिमा (इसब) आहे असं समजावं. तिथे आम्ल असलेली कुठलीही क्रीम झोंबते.

दुसरा प्रकार फक्त मुलग्यांत ठळक दिसतो, सुमारे २,००० ते ६,००० मुलग्यांत एक. खवले मोठे, तपकिरी, बहुकोनी आणि घट्ट चिकटलेले असतात. पोट, पाठ, पाय आणि विशेषतः मान व कानापुढचा भाग व्यापतात. मान मळकट दिसते म्हणून घरचे साबण लावून लावून घासतात, शाळेत ‘आंघोळ करत नाही का’ असं विचारलं जातं. तो मळ नसतो. स्टिरॉइड सल्फटेज हे एन्झाइम नसल्याने कोलेस्टेरॉल सल्फेट साचतं आणि पेशी एकमेकींना सोडत नाहीत. तळहात मात्र अगदी नेहमीसारखे असतात. पहिल्या प्रकारापासून वेगळं ओळखायची ही सोपी खूण. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने तो आईकडून येतो, आणि ‘कातडी मामावर गेली’ हे घरातलं वाक्य इथे शब्दशः खरं ठरू शकतं. मामाची कातडी आवर्जून विचारावी. काही मुलांत अंडकोश खाली उतरलेले नसतात, ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. काहींच्या कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, बारीक ठिपके असतात, पण त्यांनी नजर जात नाही. आईच्या गरोदरपणातल्या क्वाड्रुपल मार्कर या रक्तचाचणीत एस्ट्रिऑल हे संप्रेरक फारच कमी आलं असेल किंवा कळा सुरू व्हायला अडचण आली असेल, तर तोही दुवा जुळतो.

तिसरा, लॅमेलर इक्थिओसिस, लाखात एखाद्यालाच होतो. बाळ जन्मतं तेच चकचकीत, ताणलेल्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळल्यासारखं. त्याला कोलोडियन बाळ म्हणतात. ते आवरण काही आठवड्यांत गळून पडतं आणि मागून गडद, फरशीच्या तुकड्यांसारखे जाड खवले अंगभर येतात, घड्यांमध्येसुद्धा. खालची पापणी बाहेर उलटते, ओठ ताणले जातात, केस विरळ होतात, नखं जाड होतात, घाम बाहेर पडत नाही. ट्रान्सग्लुटामिनेज-१ या जनुकातला दोष १९९५ मध्ये सापडला. पुढे आणखी अनेक जनुकं कळली. आईवडील दोघंही वाहक असावे लागतात, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी सदोष जनुक दोघांकडेही असावं लागतं. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असलेल्या घरांत असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते, म्हणून पुढच्या गर्भारपणाआधी जनुकतज्ज्ञांचा सल्ला घेणं शहाणपणाचं. याच कुळातल्या दुसऱ्या रूपात खवले बारीक आणि पांढरे असतात, पण खालची कातडी सतत लाल असते. लालीचा अर्थ गळती जास्त, औषधाचं शोषण जास्त.

चौथ्यात केरॅटिन १ किंवा १० हे कातडीला बळकटी देणारं प्रथिन कमकुवत असतं. जन्मताच फोड, सोललेली कातडी. वाढत्या वयात फोड कमी होतात आणि घड्यांमध्ये चामखिळींसारखे खडबडीत, ओळीओळींनी उभे खवले जमतात. त्यांत जंतू साठून वास येतो. घासलं की खवल्यासोबत कातडीच निघते आणि खाली ओली जागा उरते. याला एपिडर्मोलिटिक इक्थिओसिस म्हणतात, आणि वज्रीने सर्वांत जास्त नुकसान होतं ते या रुग्णांचं.

नेदरटन सिंड्रोम आणखी दुर्मीळ. लाल कातडी, कडेला दुहेरी पापुद्रा असलेली नागमोडी वर्तुळं, वाढ खुंटलेली, अन्नाच्या ॲलर्जी, आणि केस आखूड व ठिसूळ. सूक्ष्मदर्शकाखाली तो केस बांबूच्या पेरासारखा दिसतो. भुवईचा केस पाहिला तर निदान पटकन होतं.

खवल्यांसोबत पाय ताठरणं आणि मतिमंदत्व, किंवा रातांधळेपणा आणि वास न येणं, अशी जोडी दिसली तर मलमाचा विचार मागे ठेवून मज्जातंतुतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ गाठावेत. हे आजार मुळात चयापचयाचे असतात, कातडी फक्त आधी बोलते.

मिश्र ट्यूब: पाचपैकी साडेतीन, पण योग्य कातडीवरच

युरिया पाणी धरून ठेवतो आणि प्रमाण वाढलं की केरॅटिन सैल करतो. १० टक्क्यांपर्यंत त्याचं काम ओलावा धरण्याचं, २० च्या पुढे खवले सोडवण्याचं, ४० टक्के फक्त टाचा आणि नखांसाठी. लॅक्टिक आम्ल पेशींमधले दुवे तोडतं. प्रोपिलीन ग्लायकॉल दोघांना आत जायला वाट करून देतं आणि पॅराफिन वरून झाकण घालतं. कागदावर ही जोडणी चांगली आहे. तपकिरी खवल्यांच्या मुलग्यांना आणि मोठ्या माणसांच्या नडग्यांना तिचा फायदा दोन ते तीन आठवड्यांत दिसतो. आधी रोज रात्री लावावी; खवला उतरला की आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. बंद केली की काही आठवड्यांत खवले परत येतात. औषध लागू पडलं नाही असा त्याचा अर्थ नाही. जनुक बदललेलं नसतं, एवढंच.

बिघडतं ते तीन ठिकाणी. भेग असलेल्या जागी लावली की आग होते, म्हणून भेगांवर आधी दोन-तीन दिवस नुसती पेट्रोलियम जेली लावावी. चेहऱ्यावर आणि पापण्यांजवळ ती लावूच नये. आणि वर्षाखालच्या बाळाला अंगभर मुळीच नको: बाळाचं वजन कमी, अंगाचा पृष्ठभाग त्या मानाने मोठा, भिंत गळकी, त्यामुळे युरिया आणि प्रोपिलीन ग्लायकॉल दोन्ही रक्तात पोचतात. नेदरटनमध्ये कोणत्याही वयात टाळावी. लॅमेलरमध्ये पाय, कोपर अशा जाड जागांपुरती, तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

ट्यूब घेताना एक चाचणी करावी: झाकण उघडून वास घ्यावा. युरिया उष्णतेने फुटतो आणि अमोनिया सुटतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या गोदामात पडून राहिलेल्या ट्यूबला मुतारीसारखा वास येतो. तिच्यात छापलेलं प्रमाण राहिलेलं नसतं आणि झोंबायलाही ती जास्त झोंबते.

अमोनियम लॅक्टेट १२ टक्के लोशन

पातळ, पटकन मुरणारं, कपड्यांना कमी चिकटणारं. कामावर जाणाऱ्या माणसाला दिवसा लावायला मिश्र ट्यूबपेक्षा सोयीचं. व्हल्गॅरिसच्या खरखरीत दंडांवरही चांगलं. मात्र उन्हात वावरायचं असेल तर उघड्या भागावर रात्रीच लावावं, कारण या आम्लांनी कातडी उन्हाला हळवी होते. दाढी केल्यावर किंवा पायांचे केस काढल्यावर त्याच दिवशी लावलं तर डोळ्यांतून पाणी येतं.

पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन: साडेचार

दिसायला सामान्य, वास नाही, जाहिरात नाही, आणि तरी या यादीत सर्वांत वरचा क्रमांक हिचा. कुठल्याही प्रकारात, कुठल्याही वयात, कोलोडियन बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत चालते. ती खवला विरघळवत नाही, फक्त पाणी उडू देत नाही. पण आतून भिजलेला खवला आपोआप सैल होतो. सुगंधी, रंगीत किंवा कोरफड घातलेली जेली घेऊ नये. नुसतं ‘व्हाइट पेट्रोलियम जेली आयपी’ लिहिलेली बरणी पुरे.

एकटी जेली थंडीत लावायला कडक पडते. पाव किलो जेलीत पाव लिटर लिक्विड पॅराफिन घालून अर्धं-अर्धं मिश्रण घरी करता येतं. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करावा, जेलीचं भांडं त्या गरम पाण्यात ठेवून वितळवावी, पॅराफिन ओतून गार होईपर्यंत ढवळावं. थेट आचेवर वितळवू नये. रुंद तोंडाच्या कोरड्या बरणीत भरावं आणि बोटाने नव्हे, स्वच्छ चमच्याने काढावं; ओल्या बोटांनी बरणीत जंतू जातात आणि मग तेच रोज अंगाला लागतात. लावताना केसांच्या दिशेने खाली हात ओढावा, उलटं चोळलं तर केसांच्या मुळाशी पुळ्या उठतात.

अर्धा गुण कापला तो दोन कारणांनी. पहिलं, उकाडा: दुपारी अंगभर जेली लावून लॅमेलरच्या मुलाला बाहेर पाठवलं तर त्याचा जीव कासावीस होतो. दिवसा पातळ लोशन, रात्री जेली अशी वाटणी करावी. दुसरं, आग. मलम मुरलेलं कापड वाळलं तरी भराभर पेटतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये हा इशारा पॅराफिन नसलेल्या मलमांनाही लागू केला. आपल्या घरात समई, निरांजन, उदबत्ती, चूल, विडी सगळंच हाताशी असतं. धुतल्यावरही कपड्यातलं मलम पूर्ण जात नाही, म्हणून रुग्णाच्या चादरी आणि ओढण्या ज्योतीपासून लांब ठेवाव्यात.

ग्लिसरीन

स्वस्त आणि कमी लेखलेलं. पण बाटलीतून थेट लावलं की चिकट होतं आणि कोरड्या हवेत उलट कातडीतलंच पाणी ओढतं. एक भाग ग्लिसरीन, तीन ते चार भाग उकळून गार केलेलं पाणी, एवढं पातळ करून ओल्या अंगावर लावावं आणि वरून जेलीचा पातळ हात फिरवावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात हा दुसरा हात चुकवून चालत नाही. कोकणात चुकला तरी फारसं बिघडत नाही. मिश्रण दोन-तीन दिवसांपुरतंच करावं. फोड येणाऱ्या प्रकारात युरिया आणि आम्लं झोंबतात, तिथे मदार याच्यावरच. गुलाबपाणी आणि लिंबू घालायचा घरगुती मोह टाळावा; लिंबू भेगेत गेलं की पुढचे दोन दिवस मूल कुणाला हात लावू देत नाही.

खोबरेल तेल बरं, डोक्यातले खवले मऊ करायला तर छानच. मोहरीचं तेल मात्र चुरचुरतं, आणि ऑलिव्ह तेलातलं ओलेइक आम्ल आधीच कच्च्या भिंतीला आणखी सैल करतं.

सॅलिसिलिक आम्ल: दोन, आणि तेही मोठ्यांच्या तळपायांसाठी

३ ते ६ टक्क्यांचं मलम जाड तळवा आणि कोपर मऊ करतं, यात वाद नाही. पण अंगभर लावलं की ते रक्तात जातं: कानात गुंजारव, मळमळ, गुंगी, धाप लागल्यासारखा वेगाचा श्वास. अशा वेळी मलम पुसून, अंग धुऊन थेट रुग्णालयात जावं. दोन वर्षांखालच्या मुलाला अजिबात नाही. लाल कातडीला कोणत्याही वयात नाही.

याच आम्लासोबत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टिरॉइड असलेली ट्यूब काउंटरवर सहज मिळते. तिला शून्य. इक्थिओसिसमध्ये मुळात स्टिरॉइडने बरं होण्यासारखं फारसं काही नसतं. पहिले काही दिवस कातडी गुळगुळीत वाटते ती आम्लामुळे. स्टिरॉइड मात्र खाली मुकाट्याने कातडी पातळ करत असतं. जांघेत आणि काखेत कायमचे चट्टे उठतात, लहान मुलांत शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक दबतं. शिवाय खवल्यांखाली नायटा लपलेला असेल तर तो फोफावतो. इक्थिओसिसमध्ये नायट्याचं गोल चकंदळ दिसेलच असं नाही, नुसती खाज आणि एका बाजूला वाढलेले पापुद्रे एवढंच असतं. नव्याने खाज सुरू झाली तर खवला खरवडून बुरशीची तपासणी करून घ्यावी.

एक्झिमासाठी मिळणारं टॅक्रोलिमस मलमही नेदरटनच्या मुलाला आपल्या मनाने लावू नये. त्यांच्या रक्तात ते धोकादायक पातळीपर्यंत पोचल्याच्या नोंदी आहेत.

आंघोळ, आणि वज्रीची गोष्ट

मलमाचं निम्मं काम आंघोळीत होतं. खवला भिजायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि दोन बादल्या भराभर ओतून तो भिजत नाही. मोठा टब असेल तर उत्तम. नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेले पंचे हातापायांना गुंडाळून बसावं आणि मधून मधून तांब्याने पाणी घालत राहावं. कढत पाणी नको. साबणाऐवजी कमी क्षाराची, सिंडेट म्हणून मिळणारी वडी घ्यावी. अंग टिपून, ओलसर असतानाच तीन मिनिटांत मलम लावावं. अंग खडखडीत वाळलं की तीच क्रीम निम्मी उपयोगी पडते.

जाड खवल्यांसाठी भिजवायच्या पाण्यात खाण्याचा सोडा घालतात, लिटरला ३ ते ६ ग्रॅम. म्हणजे चाळीस लिटरच्या टबाला १२० ते २४० ग्रॅम. चिमूटभर घालून काही होत नाही, वजन करूनच घालावा. अर्ध्या तासाने खवला कपड्याने पुसला तरी सुटतो, आणि सोडा परवडतोही. दोन चुका टाळायच्या: किराणा दुकानात नुसता ‘सोडा’ मागितला आणि धुण्याचा सोडा हाती आला, तर कातडी भाजते. आणि नवजात बाळाला हा प्रयोग करायचा नाही, सोडा कातडीतून आत जाऊन रक्ताचं रसायन बिघडवतो.

वज्री दगडी असो की पितळी, फक्त तळपायांसाठी, भिजवल्यानंतर आणि एकाच दिशेने. अंगाला मऊ सुती कापड किंवा जुना पंचा पुरतो. डोक्यावरचा खवला ओढून काढला तर केस मुळासकट येतो. रात्री तेल, सकाळी बारीक दातांची फणी, आणि जे सुटत नाही ते तसंच राहू द्यावं.

ट्यूब किती दिवस पुरेल

मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी ओळ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते. पावलासकट एका पायाला एका वेळी सुमारे ४ ग्रॅम लागतात. दोन्ही पाय, दिवसातून दोनदा, म्हणजे १६ ग्रॅम: ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही जात नाही. अंगभर लावायचं तर एका वेळी २० ग्रॅम, आठवड्याला २८० ग्रॅम. एक ट्यूब महिनाभर पुरवणारा माणूस औषध लावत नाही, नुसता वास देतो. म्हणून महागडी ट्यूब फक्त जाड जागांना आणि बाकी अंगाला बरणीतलं अर्धं-अर्धं मिश्रण, हा हिशेब खिशालाही परवडतो.

मलमाच्या पलीकडलं

घामाची तोंडं खवल्यांनी बुजलेली असतात, त्यामुळे मार्च उजाडला की लॅमेलरच्या मुलाला मैदानावरच्या कवायतीतून सूट मागून घ्यावी. सोबत पाण्याची फवारा-बाटली, ओला सुती बनियन, सावली. चेहरा लाल, अंग तापलेलं पण कोरडं, मूल सुस्त, असं दिसलं की पाण्याने अंग भिजवून पंख्याखाली न्यावं आणि डॉक्टर गाठावा. उन्हाने चढलेलं तापमान पॅरासिटामॉलने उतरत नाही.

कानाच्या नळीत खवले साठून ऐकू कमी येतं आणि मुलावर ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसतो. कापसाच्या काडीने ते आणखी आत ढकलले जातात. दर तीन ते सहा महिन्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून साफ करून घ्यावेत. पापणी उलटलेली असेल तर झोपेत डोळा उघडा राहतो. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्यांचं मलम हवंच, नाहीतर कॉर्नियाला जखम होते. ड जीवनसत्त्वाची तपासणीही करावी. अंगभर खवले असलेल्या मुलांत मुडदूस आढळतो. आणि गळक्या कातडीतून पाण्यासोबत उष्णताही जाते, म्हणून ही मुलं नीट जेवूनही बारीक राहतात. त्यांना जादा उष्मांकाचं खाणं लागतं.

कोलोडियन बाळ घरी आणून तेलाने मालीश करण्यासारखी चूक नाही. त्याला दमट इन्क्युबेटर हवा, रक्तातल्या सोडियमवर लक्ष हवं. ते आवरण ओढून काढायचं नाही, आपोआप गळू द्यायचं. अशा बाळांपैकी काहींची कातडी पुढे जवळजवळ नेहमीसारखी होते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात भविष्य सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

ॲसिट्रेटिनच्या कॅप्सूलने जाड खवले झपाट्याने उतरतात. किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम या हिशेबाने त्वचारोगतज्ज्ञ ती देतात, फोड येणाऱ्या प्रकारात त्याहून कमी, कारण कातडी पातळ झाली की फोड वाढतात. यकृत आणि रक्तातल्या चरबीची तपासणी ठरावीक काळाने होते. कॅप्सूल बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते, रक्तदानही करता येत नाही, आणि बाईने दारू घेतली तर औषध शरीरात आणखी लांब मुक्काम करतं. लग्नाळू मुलीला हे न सांगता कॅप्सूल सुरू करणं अक्षम्य.

राहिलं एक. जन्मभर कातडी ठीक होती आणि चाळिशी-पन्नाशीत नडगीवर खवले आले, तर वरचं सगळं परीक्षण गैरलागू. थायरॉइड, एचआयव्ही, हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), कुष्ठरोग यांची तपासणी आधी. काखेत किंवा मानेत गाठ लागते का, वजन उतरलंय का, कुठे बधिरपणा आहे का, हे बघावं. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधांपैकी क्लोफॅझिमिन सुरू असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही: त्याने कातडी काळपट-तांबूस होते आणि पायांवर खवले येतात. गोळ्या पूर्ण करायच्या, पायांना अर्धं-अर्धं मिश्रण लावायचं. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग आणि खवले दोन्ही हळूहळू ओसरतात.